एका अक्षराचा प्रवासखर्च

१९८०च्या आसपास एखाद्या विद्यापीठात किंवा कंपनीत ‘संगणकावर’ काम करणारा माणूस खरं तर संगणकापुढे बसलेला नसे. त्याच्यापुढे असे टर्मिनल. एक कळफलक, एक पडदा आणि मागून निघालेली एक वायर, एवढाच त्याचा ऐवज. अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या ‘डेक’ने, १९७८ साली काढलेलं व्हीटी-१०० हे त्यातलं सर्वांत गाजलेलं. कळ दाबली की अक्षर उमटे, म्हणून ते त्या खोक्यानेच उमटवलं असं वाटायचं. प्रत्यक्षात त्या अक्षराचा संकेत वायरीतून कुठल्या तरी वातानुकूलित खोलीतल्या मोठ्या संगणकाकडे, म्हणजे होस्टकडे जाई. होस्ट हातातलं काम बाजूला ठेवून तो उचलून घेई, त्याची नक्कल उलट पाठवी आणि ती नक्कल पडद्यावर दिसे. पासवर्ड लिहिताना काहीच उमटत नसे, कारण तेवढ्यापुरता होस्ट नक्कल पाठवायचं बंद करी. युनिक्सच्या काळ्या खिडकीत पासवर्ड टाइप करताना पडदा आजही कोरा राहतो, तो याच व्यवस्थेचा वारसा.

होस्टला हातातलं काम असं बाजूला ठेवणं स्वस्त नव्हतं. डेकचा व्हॅक्स-११/७८० हा १९७७ साली बाजारात आलेला संगणक सेकंदाला दहा लाख सूचना पार पाडतो, असं तेव्हा सर्रास धरलं जाई. डेकच्याच दोन अभियंत्यांनी १९८४ साली नीट मोजून पाहिलं, तेव्हा त्या पाच लाखही भरल्या नाहीत. या यंत्राला टर्मिनलं जोडायची ती डीझेड-११ नावाच्या कार्डाने. एका कार्डावर आठ वायरी. पडद्याकडे जाणाऱ्या प्रत्येक अक्षरासाठी हे कार्ड प्रोसेसरला एकेक हाक मारी. टर्मिनलचा नेहमीचा वेग ९,६०० बॉड, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. वीस जणांच्या पडद्यांवर एकाच वेळी मजकूर धावू लागला, तर सेकंदाला १९,२०० हाका झाल्या. कागदावर भागाकार केला तर एका अक्षराच्या वाट्याला पंचवीस सूचनाही येत नाहीत, आणि लोकांची खरी कामं अजून सुरूच व्हायची आहेत. पुढच्या कार्डांनी पडद्याकडे जाणारी अक्षरं घाऊक घ्यायला सुरुवात केली, त्यामुळे थोडा श्वास मिळाला. पण माणसाच्या बोटांखालून येणारं अक्षर सुटंच येत राहिलं. लाखो डॉलरचं यंत्र दिवसाचा मोठा वाटा टपालवाल्याचं काम करत होतं.

दुसरं दुखणं वायरींचं. टर्मिनलची वायर ज्या आरएस-२३२ मानकाने चाले, त्यात अंतराची मर्यादा पन्नास फूट लिहिलेली होती. लोक ती सर्रास ओलांडत, पण प्रत्येक टर्मिनलमागे होस्टपर्यंत एक स्वतंत्र वायर हा नियम काही सुटत नव्हता. टेबल हलवलं की वायर हलवा. खात्याने दुसरा व्हॅक्स घेतला की दुसऱ्या वायरी ओढा. एकाच माणसाला दोन संगणकांवर काम असेल, तर त्याच्या टेबलावर दोन टर्मिनलं. यावर काही वर्षं एक मधला तोडगा चालला. गँडाल्फ, मायकॉम अशा कंपन्या टेलिफोन एक्स्चेंजसारखे स्विच विकत. सगळी टर्मिनलं स्विचला जोडायची आणि कोणता संगणक हवा ते सांगायचं. पोर्ट मोकळा असेल तर जोडून मिळे, नाही तर रांगेत थांबायचं. वायरींचं जंजाळ त्याने आवरलं, पण अक्षरामागे एक हाक हा होस्टचा खर्च तसाच राहिला. होस्टच्या लेखी समोर पूर्वीइतकीच टर्मिनलं होती.

टर्मिनल थेट होस्टला न जोडता मधल्या लहान संगणकाला जोडायचं आणि पुढचा प्रवास जाळ्यावरून करायचा, ही कल्पना मात्र तोवर दहा वर्षांची जुनी झाली होती. इंटरनेटचं पूर्वरूप असलेल्या आर्पानेटसाठी बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या अमेरिकेतल्या केंब्रिजच्या कंपनीने १९७१ साली टर्मिनल इम्प, म्हणजे ‘टिप’, तयार केला. हनीवेल-३१६ या लघुसंगणकावर बांधलेल्या या यंत्राला ६३पर्यंत टर्मिनलं जोडता येत. स्वतःचा मोठा संगणक नसलेल्या संस्थेतला माणूस टिपला फोन लावी, ‘अॅट’च्या चिन्हाने सुरू होणारी आज्ञा देई आणि अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाच्या होस्टवर जाऊन बसे. टिपने त्याला ‘तू कोण’ असं विचारायची पद्धत बरीच वर्षं नव्हती, फोन नंबर माहीत असला की पुरे. हे पुढे महागात पडायचं होतं. पण टिप हे लांब पल्ल्याचं, महाग आणि सरकारी पैशावर उभं राहिलेलं यंत्र. एका इमारतीतल्या दोनशे टेबलांसाठी ते कुणी घेतलं नसतं.

इमारतीपुरतं जाळं झेरॉक्सच्या पालो आल्टो केंद्रात जन्मलं. बॉब मेटकाफ यांनी मे १९७३मध्ये इथरनेटचं टिपण लिहिलं आणि डेव्हिड बॉग्ज यांच्याबरोबर ते चालवून दाखवलं. सप्टेंबर १९८०मध्ये डेक, इंटेल आणि झेरॉक्स या तिघांनी मिळून त्याचं खुलं मानक जाहीर केलं, सेकंदाला एक कोटी बिटांचं. बोटभर जाडीची, बहुधा पिवळी केबल छतावरून फिरवायची, एक तुकडा जास्तीत जास्त ५०० मीटरचा. केबलवर दर अडीच मीटरला खूण, कारण जोड तिथेच घ्यायचा असे. केबल न तोडता तिला भोक पाडून सुई आतल्या तारेपर्यंत पोहोचवणाऱ्या त्या जोडाला लोक ‘व्हॅम्पायर टॅप’ म्हणत. टर्मिनलच्या वायरींनी गांजलेल्या कुणाच्याही डोक्यात ही केबल पाहून एकच विचार यावा: दर आठ टर्मिनलांमागे एक खोकं ठेवायचं, खोकं या केबलला टोचायचं, की होस्टकडे जाणाऱ्या बाकी सगळ्या वायरी रद्द.

विचार सोपा होता. अडचण होती ती अक्षराच्या प्रवासखर्चाची. इथरनेटवर माल जातो तो ‘फ्रेम’ नावाच्या पाकिटातून, आणि सर्वांत लहान फ्रेमसुद्धा ६४ बाइटची असते. एक अक्षर म्हणजे एक बाइट. ते पाठवायचं म्हणजे फ्रेम जवळजवळ रिकामीच धाडायची. टीसीपी-आयपी या इंटरनेटच्या नियमांवर चालणारी टेलनेट ही दूरस्थ टर्मिनलची पद्धत तेव्हा नेमकं हेच करत होती. जॉन नेगल हे फोर्ड एरोस्पेसमध्ये काम करणारे अभियंते. त्यांनी जानेवारी १९८४मध्ये या प्रकाराचा हिशोब मांडला: एका बाइटच्या मालावर ४० बाइटचं वेष्टन, म्हणजे ४,००० टक्के वरखर्च. मोकळ्या जाळ्यावर ही उधळपट्टी खपते, भरलेल्या जाळ्यावर तिनेच कोंडी होते. आणि कोंडी झाली की हरवलेली पॅकेटं पुन्हा पाठवावी लागतात, म्हणजे कोंडीत आणखी भर.

यावर एक उपाय लोकांना सुचलेला होता. अक्षर आल्याबरोबर पाठवायचं नाही. २०० ते ५०० मिलिसेकंद थांबायचं, तोवर आणखी अक्षरं जमली तर सगळी एकदम पाठवायची. नेगल यांनी हा उपाय नाकारला. त्यांचा आक्षेप चोख होता. पलीकडचा होस्ट त्याच इमारतीत आहे की उपग्रहापलीकडे, हे टीसीपीला ठाऊक नसतं. जवळच्या होस्टसाठी ती वाट पाहणं जाचक ठरेल, लांबच्यासाठी ते अपुरं पडेल. म्हणून त्यांनी घड्याळच काढून टाकलं. पहिलं अक्षर लगेच पाठवा, त्याची पोच येईपर्यंत पुढची साठवा, पोच आली की साठलेली सगळी एकत्र पाठवा. मग जाळं जितकं मंद तितकी पॅकेटं आपोआप भरलेली. सुंदर युक्ती आहे, आणि ती टीसीपीत आजही आहे.

त्याच सुमारास डेकमध्ये ब्रूस मान हे अभियंते नेमकं उलट उत्तर घेऊन पुढे आले. त्यांची पद्धत ‘लोकल एरिया ट्रान्सपोर्ट’ किंवा नुसतं ‘लॅट’ या नावाने ओळखली गेली. नेगल यांच्यासमोरचा प्रश्न अंतर माहीत नसण्याचा होता. लॅटने अंतराचा प्रश्नच घेतला नाही. होस्ट याच केबलवर आहे, म्हणजे फ्रेम पोहोचायला लागणारा वेळ जवळपास शून्य, असं गृहीत धरून टाकलं. मग मोजायचं राहिलं ते एकच, टर्मिनलपुढचा माणूस. त्याने कळ दाबली आणि सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आत अक्षर उमटलं, तर उशीर झाल्याचं त्याला जाणवत नाही. म्हणून घड्याळ लावलं ऐंशी मिलिसेकंदांचं. व्यवस्थापकाला ते तीस ते दोनशेच्या दरम्यान फिरवता येई, पण बहुतेक ठिकाणी ऐंशीच राहिलं. मला या आकड्याचं फार अप्रूप वाटतं. एरवी प्रोटोकॉलमधले आकडे केबलच्या लांबीवरून, चिपच्या वेगावरून निघतात. हा माणसाच्या डोळ्यावरून आणि बोटांवरून काढलेला आहे. संगणक घाईत आहे आणि माणूस नाही, हे एकदा नीट कबूल केलं की मग किती काटकसर करता येते, त्याचा हा नमुना आहे.

प्रत्यक्षात ते असं चाले. टर्मिनल सर्व्हर नावाच्या खोक्याला आठ टर्मिनलं जोडलेली. त्यातली पाच समजा एकाच व्हॅक्सवर काम करताहेत. टेलनेटमध्ये या पाचांचे पाच वेगवेगळे मार्ग झाले असते. लॅटमध्ये एक खोकं आणि एक होस्ट यांच्यात मार्ग एकच. एसटी ठरल्या वेळी सुटते आणि थांब्यावर असतील तेवढ्यांना घेऊन जाते, तसं दर ऐंशी मिलिसेकंदांनी खोकं पाची टर्मिनलांकडे काय साठलं आहे ते गोळा करी. प्रत्येकाचा माल एकाच फ्रेममधल्या वेगळ्या खणात भरी, खणावर सत्राचा क्रमांक घाली आणि फ्रेम रवाना करी. पलीकडे व्हॅक्सला पाच टर्मिनलांसाठी एकच हाक ऐकू येई. तो खण उघडून माल ज्याचा त्याला देई, आणि उत्तराच्या फ्रेममध्ये पाची पडद्यांसाठी तयार असलेला मजकूर, शिवाय ‘तुमची फ्रेम मिळाली’ ही पोच, असं सगळं एकदम भरून पाठवी.

या व्यवहारात दोघं बरोबरीचे नव्हते, आणि ते मुद्दाम. घड्याळ खोक्याकडे होतं. हरवलेली फ्रेम पुन्हा पाठवायची जबाबदारीही मुख्यतः त्याचीच. ठरावीक वेळा पाठवूनही उत्तर आलं नाही, की होस्ट गेला असं खोकं ठरवी. होस्टने विचारल्यावर बोलायचं. महाग यंत्राला जितकं कमी काम देता येईल तितकं द्यायचं आणि बाकी सगळी दगदग स्वस्त खोक्याच्या गळ्यात घालायची, असा हा बेत होता. दोन्ही बाजूंना सांगण्यासारखं काही उरलं नाही की मार्ग गप्प होई, उगाच रिकाम्या फ्रेमा फिरत नसत. होस्टकडे अचानक काही आलं, तर तेवढ्यापुरती शांतता मोडायची त्याला मुभा होती. कुणी कुणाला बुडवू नये म्हणून उधारीची पद्धत. प्रत्येक सत्राला समोरच्याने दिलेली पत असे, खणभर माल पाठवला की एक पत खर्ची पडे, नवी मिळेपर्यंत थांबायचं. त्यामुळे एकाने भलीमोठी फाइल पडद्यावर सोडली म्हणून बाकी चौघांची अक्षरं अडकत नसत. धावणारा मजकूर थांबवायची कंट्रोल-एस ही जोडकळ तर खोकंच हाताळी. पूर्वी ही कळ होस्टपर्यंत पोहोचेस्तोवर हवी ती ओळ वर सरकून गेलेली असायची.

ऐंशी मिलिसेकंद म्हणजे सेकंदाला साडेबारा फ्रेमा. फ्रेम सर्वांत लहान, ६४ बाइटची धरली तर सेकंदाला ८०० बाइट, म्हणजे ६,४०० बिट. खोक्यावर एक जण टाइप करत असो की आठ, हा आकडा फारसा हलत नाही, कारण ६४ बाइटच्या फ्रेममध्ये वेष्टन जाऊनही आठ जणांची चार-दोन अक्षरं मावतात. अशी शंभर खोकी, आठशे माणसं एकाच केबलवर टाइप करत बसली, तरी एक कोटी बिटांच्या त्या केबलचा जाण्या-येण्याचा मिळून सातवा-आठवा हिस्साच वापरला जातो. माणसं वाढली की खर्च वाढतो, हा टर्मिनलांचा जुना नियम इथे बऱ्याच अंशी मोडला. मान यांनी कॉलिन स्ट्रट आणि मार्क केंफ यांच्याबरोबर सप्टेंबर १९८६मध्ये डेकच्या तांत्रिक नियतकालिकात या सगळ्याची मांडणी केली. तोवर डेकसर्व्हर-१०० आणि त्याची भावंडं बाजारात रुळू लागली होती.

लॅटमधला दुसरा भाग तांत्रिक पुस्तकांत दोन ओळींत उरकतात, पण वापरणाऱ्यांच्या आठवणीत तोच राहिला. प्रत्येक होस्ट दर मिनिटाला केबलवर दवंडी पिटी: माझ्याकडे अमुक सेवा आहे, आणि माझी या क्षणीची मोकळीक ० ते २५५च्या मोजपट्टीवर इतकी आहे. सगळी खोकी ही दवंडी ऐकून आपापली यादी ताजी ठेवत. कुठल्याही मध्यवर्ती वहीत कुणाची नोंद करावी लागत नसे. नवा व्हॅक्स केबलला टोचला की मिनिटाभरात इमारतीतल्या प्रत्येक टर्मिनलवर त्याचं नाव दिसू लागे. डेकने १९८३ साली अनेक व्हॅक्स एकत्र बांधून त्यांना एकच संगणक असल्यासारखं वागवणारा ‘व्हॅक्सक्लस्टर’ जाहीर केला होता. लॅटने त्याला दर्शनी दरवाजा दिला. क्लस्टरमधले सगळे व्हॅक्स एकाच नावाने दवंडी पिटत. माणूस खोक्याला एवढंच सांगे की मला या नावाच्या सेवेशी जोड. खोकं यादीतून सर्वांत मोकळा व्हॅक्स निवडी. तो व्हॅक्स पडला तर चालू काम जाई, पण खोकं त्याच नावाचा दुसरा शोधून तिथे नेऊन बसवी. आज मोठमोठ्या संकेतस्थळांपुढे भार वाटणारी यंत्रं बसवतात आणि त्यावर जाडजूड ग्रंथ निघतात. हे खोकं ते काम जोडावर बसून, कुणाला न सांगता करत होतं.

खोक्यात डिस्क नव्हती. वीज आली की ते केबलवर विचारी, ‘मला माझा प्रोग्राम कोण देईल?’ एखादा व्हॅक्स तो पाठवी आणि मग खोकं जागं होई. इमारतीची वीज जाऊन परत आली की सगळी खोकी एका सुरात हाच प्रश्न विचारू लागत, आणि प्रोग्राम देणारा व्हॅक्स स्वतःच अजून उठत असला तर सगळ्यांना ताटकळावं लागे. जागं झाल्यावर पडद्यावर प्रॉम्प्ट येई तो ‘लोकल’ असा. होस्टवर काम करता करता ब्रेकची कळ दाबली की माणूस पुन्हा ‘लोकल’वर. तिथून दुसऱ्या होस्टवर दुसरं सत्र, मग तिसरं. एका टर्मिनलवरून तीन संगणकांत ये-जा. टेबलावरचं दुसरं टर्मिनल आता घरी गेलं.

आता सौद्याची दुसरी बाजू. लॅटच्या फ्रेमवर इथरनेटचा पत्ता असे आणि बस तेवढाच. कोणत्या जाळ्यावरचा होस्ट, कोणत्या मार्गाने जायचं, हे सांगणारा पत्त्याचा थर त्यात नव्हताच. वेष्टन हलकं राहिलं ते त्यामुळेच. पण दोन जाळ्यांच्या सीमेवर बसणारा राउटर पत्ता वाचून माल पुढे धाडतो, आणि लॅटच्या फ्रेमवर त्याला वाचायला काहीच नसे. तो ती टाकून देई. इकडे केबल ५०० मीटरला संपत होती आणि गिऱ्हाइकांच्या इमारती वाढत होत्या.

डेकमध्येच रेडिया पर्लमन ही जाळ्यांच्या मार्गशोधनातली जाणकार बाई होती. पत्त्याचा थर वगळून लोक थेट इथरनेटवर प्रोटोकॉल बांधताहेत, ही चूक आहे, असं ती सांगत राहिली. ऐकलं कुणी नाही. तिनेच पुढे सांगितलेली हकिगत अशी की, वरिष्ठ टोनी लॉक यांनी एका शुक्रवारी तिच्यापुढे पेच टाकला. टर्मिनल-होस्टांना पत्ताही लागू न देता त्यांच्या फ्रेमा एका केबलवरून दुसऱ्या केबलवर नेणारी पेटी, म्हणजे ‘ब्रिज’, हवी. आणि अशा पेट्या गोल जोडल्या गेल्या तरी फ्रेमा गरगर फिरत राहता कामा नयेत. लॉक पुढचा आठवडा रजेवर जाणार होते. पर्लमनला त्याच रात्री युक्ती सुचली, पुढच्या आठवड्याच्या सुरुवातीला तपशील लिहून झाला, आणि उरलेल्या वेळात तिने त्या युक्तीवर एक कविता केली. तिचा स्पॅनिंग ट्री अल्गोरिदम १९८५ साली प्रसिद्ध झाला. केंफ यांच्या शिकणाऱ्या ब्रिजच्या कल्पनेशी त्याची जोड देऊन डेकने लॅनब्रिज-१०० विकायला काढला. कार्यालयातल्या कपाटात मिणमिणणाऱ्या आजच्या इथरनेट स्विचमध्ये या दोन्ही कल्पना आहेत. ज्या प्रोटोकॉलांच्या उणिवेपोटी त्यांची तातडीने गरज पडली त्यांत लॅट एक होता, आणि तो आज बहुतेकांना नावानेही माहीत नाही.

ब्रिज लावून लॅट एका आवारात पसरला, पण शहराबाहेर तो जात नव्हता. टेलिफोनच्या मंद लाइनीवरून ब्रिजने नेला, तर ऐंशी मिलिसेकंदांचं घड्याळ त्या लाइनीची दमछाक करी. आपल्याकडे भारतीय रेल्वेचं संगणकीय आरक्षण १९८५ साली दिल्लीत सुरू झालं ते सीएमसी कंपनीने व्हॅक्सवरच उभारलं होतं. पुढे रेल्वेच्या ‘क्रिस’ संस्थेने केलेल्या प्रणालीने मुंबईसह पाच केंद्रं एकमेकांना जोडली. खिडकीपलीकडचा कारकून ज्या पडद्यावर मान वाकवून बर्थ शोधायचा, ते या टर्मिनलांच्याच कुळातलं. पण आपल्या तिकीट खिडक्या शेकडो किलोमीटरांवर पसरलेल्या. तिथे भाड्याच्या लाइनी, मोडेम आणि मल्टिप्लेक्सर यांच्याशिवाय गत्यंतर नव्हतं. होस्ट याच केबलवर आहे, हे लॅटचं गृहीत अशा देशव्यापी कामात पहिल्याच पायरीवर गळून पडतं.

शिवाय लॅट डेकच्या मालकीचा होता. मानक खुलं नव्हतं, पेटंटं घेतलेली होती. इतर कंपन्यांनी फ्रेमा उलगडून, तर काहींनी परवाना घेऊन तो आपल्या खोक्यांत आणला; पण युनिक्सच्या जगात, विद्यापीठांत, सगळीकडे पसरत होतं ते टीसीपी-आयपी. ते उधळं होतं, अक्षरामागे चाळीस बाइटचं वेष्टन लावत होतं, पण कुठेही जात होतं. बँडविड्थ दरवर्षी स्वस्त झाली, तशी लॅटची काटकसर कुणाला हवीशी उरली नाही. डेकच्या नंतरच्या डेकसर्व्हरांत लॅटच्या शेजारी टेलनेटही आलं. सिस्कोच्या राउटरांत तर एका बाजूने लॅट घेऊन दुसऱ्या बाजूने टेलनेट देणारा दुभाषा होता. टेबलावर तोवर पीसी आला होता आणि त्याला आपली अक्षरं उमटवायला कुणाची परवानगी लागत नव्हती. केन ओल्सन यांनी १९५७ साली मेनार्ड गावच्या जुन्या लोकरीच्या गिरणीत स्थापन केलेली डेक एके काळी सव्वा लाखाच्या घरात माणसं पोसत होती. ओल्सन १९९२ साली पायउतार झाले, आणि १९९८मध्ये पीसी बनवणाऱ्या कॉम्पॅकने अख्खी डेक विकत घेतली.

टर्मिनल सर्व्हर मात्र डेकबरोबर गेला नाही. त्याच्या पोर्टांना टर्मिनलांऐवजी मोडेम लावले, की तो इंटरनेटचं प्रवेशद्वार होई. आता टिपच्या काळचा अनुत्तरित प्रश्न, ‘तू कोण?’, पैशांचा झाला. फोन लावणाऱ्या प्रत्येकाची ओळख पटवून मिनिटं मोजायला हवी होती. अमेरिकेतल्या मेरिट नेटवर्कच्या गरजेतून, लिव्हिंग्स्टन एंटरप्रायझेस या टर्मिनल सर्व्हर बनवणाऱ्या कंपनीने त्यासाठी ‘रेडियस’ तयार केलं. खोकं ग्राहकाचं नाव आणि पासवर्ड मध्यवर्ती यंत्राला विचारतं, ते हो किंवा नाही सांगतं. विद्यापीठांच्या आणि कंपन्यांच्या वायफायवर लॉगिन करताना मागे आज बहुधा रेडियसच चालू असतं. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईसह चार महानगरांत लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा ‘शेल अकाउंट’ घेणाऱ्यांना मिळालं ते तरी काय? घरच्या पीसीने टर्मिनलचं सोंग घ्यायचं, मोडेमने फोन लावायचा, आणि निगमच्या युनिक्स संगणकावर पाइनने मेल वाचायची, लिंक्सने चित्रांवाचूनचं वेब पाहायचं. घरचा पीसी त्या महाजालाचा रहिवासी नव्हता. व्हीटी-१००सारखाच तो लांबच्या होस्टच्या नकला दाखवत होता.

पुढे खोक्याची दिशाच उलटली. माणसांकडून होस्टकडे जाण्याऐवजी जाळ्यावरून यंत्रांच्या मागच्या सिरियल पोर्टकडे. राउटरची मांडणी बिघडली, जाळं बंद पडलं, की त्या राउटरशी बोलायला उरतो तो फक्त कन्सोलचा पोर्ट, आणि डेटा सेंटर असतं दुसऱ्या गावात. म्हणून तिथे एक टर्मिनल सर्व्हर ठेवतात, त्याच्या वायरी प्रत्येक यंत्राच्या कन्सोलला लावतात, आणि त्याला बाहेरून वेगळी वाट देतात. सिस्कोच्या खोक्यात २००१ क्रमांकाच्या पोर्टवर टेलनेट केलं की पहिली वायर, २००२वर दुसरी. रात्री दोन वाजता कुणाला गाडी काढून जावं लागू नये म्हणून अशी खोकी आजही विकली जातात.

अक्षराच्या प्रवासखर्चाची चिंता तर कधीच मिटली. टेलनेटची जागा घेणाऱ्या एसएसएचमध्ये प्रत्येक कळ वेगळ्या, कुलूपबंद पॅकेटने जाते, नेगल यांची साठवणूकही तिथे बंद ठेवलेली असते. त्यातून नवाच घोळ झाला. आतलं अक्षर वाचता येत नाही, पण पॅकेटं कोणत्या अंतराने सुटली ते बाहेरून दिसतं, आणि बोटांच्या त्या लयीवरून काय टाइप केलं याचा अंदाज बांधता येतो. बर्कलीच्या डॉन साँग आणि सहकाऱ्यांनी २००१ साली हे दाखवून दिलं. बावीस वर्षांनी, ऑक्टोबर २०२३च्या ओपनएसएसएच ९.५ आवृत्तीत त्यावर बंदोबस्त आला: कळ दाबल्याबरोबर पॅकेट पाठवायचं नाही, ठरावीक ठोक्यालाच पाठवायचं. नेगल यांनी काढून टाकलेलं आणि मान यांनी लावलेलं घड्याळ पुन्हा बसलं. किती मिलिसेकंदांचं, ते वापरणाऱ्याला बदलता येतं. कसं लिहायचं ते दाखवायला माहितीपुस्तिकेत नमुन्याचा आकडा दिला आहे ८०. एरवी ते वीसचं असतं, आणि बोटं थांबल्यावरही काही काळ पोकळ पॅकेटं सोडत राहतं, म्हणजे पाळत ठेवणाऱ्याला खरी कळ कोणती ते कळू नये. लॅटच्या खोक्याने आठ जणांसाठी सेकंदाला साडेबारा फ्रेमा खर्चल्या असत्या. इथे एक माणूस एक ओळ टाइप करेस्तोवर सेकंदाला पन्नास पॅकेटं जातात, त्यातली बरीचशी मुद्दाम पोकळ.